निक ड्रेकची गाणी लोकांपर्यंत इतक्या उशिरा का पोचली?

इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या दक्षिणेला टॅनवर्थ-इन-आर्डन नावाचं लहानसं गाव आहे. २५ नोव्हेंबर १९७४ रोजी तिथल्या आईवडिलांच्या घरी निक ड्रेक हा गिटारवर स्वतःची गाणी गाणारा गायक वारला. वय २६. नावावर तीन अल्बम, आणि त्यांतला एकही त्याच्या हयातीत पाच हजारांपुढे खपला नव्हता. आज गिटार घेऊन स्वतःची गाणी म्हणणारा कुणीही तरुण, कुठल्याही देशातला असो, बहुधा त्याचं नाव ओळखतो.

या मधल्या काळात काय घडलं? याचं एक ठरलेलं उत्तर आहे: हळवा, एकलकोंडा कलावंत, जगाला कळला नाही, मेल्यावर कळला. मी त्याची गाणी बरीच वर्षं ऐकतो आहे आणि हे उत्तर मला पटत नाही. गाणं लोकांपर्यंत पोचतं किंवा पोचत नाही, यामागे साध्या, हाताला लागणाऱ्या गोष्टी असतात. तारा कशा लावल्या आहेत, कार्यक्रम कुठे होतात, रेकॉर्ड दुकानात मिळते की नाही. निकच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी बऱ्याच स्पष्टपणे दाखवता येतात.

आधी 'फोक' हा शब्द. आपण त्याचं भाषांतर 'लोकसंगीत' असं करतो आणि डोळ्यांसमोर ओवी, भारूड, पोवाडा येतो. ब्रिटनमध्येही पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आलेली तशी गाणी होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सेसिल शार्पसारख्या संग्राहकांनी खेडोपाडी फिरून ती उतरवून घेतली. १९५० आणि ६० च्या दशकांत शहरांतल्या तरुणांनी ती पुन्हा गायला घेतली, त्यासाठी पबच्या वरच्या खोल्यांत, तळघरांत फोक क्लब निघाले. मग याच क्लबांमधून दुसरी पिढी आली. हातात तीच साधी गिटार, पण गाणी स्वतः रचलेली. बर्ट जान्श, जॉन रेनबोर्न, डेव्ही ग्रॅहम ही त्यांतली मोठी नावं. लंडनच्या सोहो भागातलं 'ले कझिन्स' हे तळघर त्यांचा अड्डा होतं. म्हणजे निक ड्रेकला 'फोक गायक' म्हणतात ते या दुसऱ्या अर्थाने. त्याची गाणी पारंपरिक नाहीत. ती ज्या घरात वाढली ते घर फोकचं आहे.

त्याचा जन्म मात्र इंग्लंडमधला नाही. १९ जून १९४८ रोजी तो रंगूनला जन्मला. वडील रॉडनी बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनमध्ये इंजिनियर होते. ही १८६३ साली मुंबईत स्थापन झालेली कंपनी, सागवानाच्या व्यापारातली. कोकणातल्या वाचकांना तिच्याशी आपला संबंध वेगळ्याच वाटेने ठाऊक असेल. १८८५ मध्ये सागतोडीच्या वादात ब्रह्मदेशाच्या थिबा राजाच्या दरबाराने याच कंपनीला जबर दंड ठोठावला. ते निमित्त धरून इंग्रजांनी युद्ध पुकारलं, राज्य खालसा केलं आणि राजाला रत्नागिरीत आणून ठेवलं. थिबा पॅलेस ज्याच्यासाठी बांधला तोच हा राजा. साठेक वर्षांनंतर त्याच कंपनीतल्या एका इंजिनियरच्या घरी हा मुलगा जन्मला.

आई मॉली पियानो वाजवायच्या आणि स्वतः गाणी रचायच्या. महायुद्धात जपानी फौजा ब्रह्मदेशात शिरल्या तेव्हा त्या आणि त्यांची बहीण नॅन्सी हिंदुस्थानात आल्या. दिल्लीला ऑल इंडिया रेडिओवर दोघी मिळून गायच्या. निकची मोठी बहीण गॅब्रिएल लाहोरला जन्मली, पुढे ती अभिनेत्री झाली. १९५० च्या सुमारास कुटुंब इंग्लंडला परतलं आणि टॅनवर्थच्या 'फार लीज' या घरात स्थिरावलं. त्या घरात रॉडनींनी टेप रेकॉर्डर आणला आणि बैठकीच्या खोलीत बसून बायकोची गाणी ध्वनिमुद्रित केली. या टेपांकडे आपण शेवटी परत येऊ.

शाळेतला निक धावण्यात तरबेज होता, पियानो, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन वाजवत होता. १९६५ मध्ये त्याने १३ पौंडांना पहिली गिटार घेतली. १९६७ च्या पूर्वार्धात काही महिने तो दक्षिण फ्रान्समधल्या एक्स-आं-प्रोव्हान्सला राहिला आणि परतला तो वेगळाच वादक होऊन. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये केंब्रिजच्या फिट्झविल्यम कॉलेजात इंग्रजी साहित्यासाठी त्याने नाव घातलं खरं, पण खोलीत बसून तो गिटारच घोटत होता.

गिटारच्या सहा तारा

इथे थोडं थांबायला हवं, कारण निक ड्रेकचं वेगळेपण ज्याला कळून घ्यायचं आहे त्याने तारांपासूनच सुरुवात करावी.

गिटारच्या सहा तारा जाडीकडून बारकीकडे नेहमी अशा लावतात: ई, ए, डी, जी, बी, ई. पेटीवरची पांढरी एक हा सा धरला तर हेच स्वर होतात ग, ध, रे, प, नी, ग. काहीही न दाबता सहाही तारा एकदम छेडल्या तर कानाला टेकायला जागा सापडत नाही. ही रचना सोयीची आहे, तिच्यात कुठल्याही पट्टीतले कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांचे गट, हाताशी येतात. पण प्रत्येक वेळी तो कॉर्ड डाव्या हाताने तारा दाबूनच उभा करावा लागतो.

डेव्ही ग्रॅहमने साठच्या दशकाच्या सुरुवातीला हे लावणं बदलून पाहिलं. मोरोक्कोतलं संगीत ऐकून आल्यावर त्याने डी, ए, डी, जी, ए, डी अशा तारा लावल्या. सा डीवर धरला तर सा, प, सा, म, प, सा. तंबोऱ्याच्या शेजारी बसून वाढलेल्या कुणालाही ऐकताक्षणी कळावं, की आता वाद्यच षड्ज धरून बसलं आहे. ब्रिटनच्या फोक वादकांनी ही युक्ती उचलली.

निक त्याच्याही पुढे गेला. 'पिंक मून' या गाण्यासाठी त्याने तारा लावल्या सी, जी, सी, एफ, सी, ई. आपल्या भाषेत सा, प, सा, म, सा, ग. तीन सप्तकांत तीन षड्ज, मध्ये पंचम आणि मध्यम, सगळ्यांत वर गंधार. (गिटारच्या दांडीवरच्या दुसऱ्या पट्टीवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावून तो सगळाच डोलारा एक स्वर वर सरकवतो, पण तारांचं आपसातलं नातं तेच राहतं.) याने काय होतं? खालचा सा आणि प मोकळे घुमत राहतात, त्यांना दाबायची गरज नसते. डावा हात वरच्या तारांवर सुरावट काढायला मोकळा राहतो. आणि मोकळा मध्यम व वरचा गंधार एकाच वेळी वाजले की त्यांच्यात एक ओढ तयार होते, जी पूर्ण सुटतही नाही आणि टोचतही नाही. निकची गाणी ऐकताना जे 'उदास' वाटतं म्हणतात, त्यातलं पुष्कळसं या लावण्यात आहे. मी पेटी आधी शिकलो आणि गिटार नंतर, त्यामुळे पहिल्यांदा त्या सहा तारा अशा लावून नुसत्या छेडल्या तेव्हा गाणं जवळजवळ आपणहून समोर आलं होतं. तो आनंद अजून आठवतो.

उजवा हात हा दुसरा चमत्कार. अंगठा खालच्या तारांवर स्वतःची लय धरतो, बाकीची बोटं वर वेगळं विणकाम करतात, आणि हे सगळं इतकं एकसारखं की दोन माणसं वाजवताहेत असं वाटावं. त्यावर आवाज अगदी हलका, ठेक्याच्या किंचित मागे रेंगाळणारा. 'रिव्हर मॅन' हे गाणं पाच मात्रांत आहे. पाश्चात्य गाण्यांत बहुतेक चार किंवा तीन मात्रा चालतात, म्हणून तिकडे याचं फार नवल केलं जातं. झपताल ऐकलेल्या आपल्या कानाला पाचाची चाल परकी नाही, तरी तिच्यावरून त्याचा आवाज ज्या निवांतपणे वाहतो त्याला तोड नाही.

तीन अल्बम

लंडनच्या राउंडहाउसमध्ये वाजवताना फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या बँडच्या अॅशली हचिंग्जने त्याला ऐकलं आणि आपल्या निर्मात्याला सांगितलं. हा निर्माता जो बॉयड, बोस्टनहून लंडनला आलेला अमेरिकन, वय पंचविशीचं. पिंक फ्लॉइडचं पहिलं सिंगल त्याने केलेलं होतं. त्याची 'विचसीझन' नावाची छोटी कंपनी आयलंड रेकॉर्ड्ससाठी अल्बम तयार करायची. ध्वनिमुद्रण चेल्सीतल्या 'साउंड टेक्निक्स' स्टुडिओत, ध्वनिमुद्रक जॉन वूड.

पहिल्या अल्बमच्या वेळची एक गोष्ट निकविषयी खूप सांगून जाते. बॉयडने व्हायोलिन-चेलोचं संयोजन एका अनुभवी माणसाकडून करून घेतलं. निकला ते आवडलं नाही. तोंडातून शब्द न फुटणारा हा मुलगा म्हणाला की केंब्रिजमधला माझा एक मित्र हे करील. मित्र म्हणजे रॉबर्ट कर्बी, व्यवसायाचा शून्य अनुभव असलेला विद्यार्थी. बॉयड आणि वूड धास्तावले, आणि पहिल्याच दिवशी तारवाद्यं वाजायला लागली तेव्हा त्यांची धास्ती पळाली. 'रिव्हर मॅन'पुरतं काम हॅरी रॉबिन्सन या अनुभवी संयोजकाने केलं. डबल बेसवर डॅनी टॉम्प्सन होता. आपल्याला काय हवं हे निकला नेमकं ठाऊक होतं. 'जगाने वाहवत नेलेला दुबळा मुलगा' हे चित्र इथेच खोटं ठरतं.

१९६९ मध्ये 'फाइव्ह लीव्ह्ज लेफ्ट' आला. हे नाव सिगारेटच्या कागदांच्या पाकिटातलं आहे, 'आता पाचच पानं उरली' अशी सूचना देणाऱ्या कागदावरचं. पाच वर्षांनी निक गेला म्हणून यात भविष्य वाचणारे बरेच आहेत. मला ते अन्यायाचं वाटतं. एकवीस वर्षांच्या मुलाने खिशातल्या पाकिटावरचे शब्द उचलले, एवढंच त्यात आहे.

केंब्रिजची पदवी नऊ महिन्यांवर असताना तो कॉलेज सोडून लंडनला गेला. मार्च १९७१ मध्ये दुसरा अल्बम, 'ब्रायटर लेटर'. यात ड्रम आले, बेस आला, ब्रास आलं; फेअरपोर्टचे वादक होते, व्हेल्व्हेट अंडरग्राउंड या बँडमधला जॉन केल दोन गाण्यांवर वाजवून गेला. त्यांतलं 'नॉर्दर्न स्काय' माझ्या मते निकचं सर्वांत प्रसन्न गाणं. बॉयडला खात्री होती की हा अल्बम चालणार. तो चालला नाही.

तिसरा 'पिंक मून', फेब्रुवारी १९७२. ऑक्टोबर १९७१ मध्ये दोन रात्रींत मुद्रित केलेला, स्टुडिओ रिकामा झाल्यावर, उशिरा. निक आणि जॉन वूड, तिसरं कुणी नाही. गिटार, आवाज, आणि एका गाण्यावर पियानोचे मोजके स्वर. एकूण लांबी २८ मिनिटं. वूडने विचारलं असेल की यावर आणखी काय चढवायचं, तर उत्तर होतं की काही नाही.

मग अडलं कुठे?

त्या काळी फोक गायकाचं नाव रेडिओवर फारसं होत नसे. बीबीसीवर जॉन पीलसारखे थोडे जाणकार होते. ऑगस्ट १९६९ मध्ये निकने पीलच्या कार्यक्रमासाठी मुद्रणही केलं. पण खरी बाजारपेठ म्हणजे क्लब आणि कॉलेजं. गायकाने आठवड्याला चार-पाच गावं करायची, प्रेक्षकांशी गप्पा मारायच्या, लोकांना ओळखीचं कोरस गायला लावायचं, जाताना चार जण अल्बमचं नाव लक्षात ठेवून जातात. असं गावोगाव फिरून नाव व्हायचं.

निकला यातलं काही जमलं नाही, आणि याचं एक कारण पुन्हा त्या तारांत आहे. नेहमीच्या लावण्यावरून सी-जी-सी-एफ-सी-ई वर जायचं तर सहापैकी पाच तारा हलवाव्या लागतात. जाडी तार चार अर्धस्वर उतरवायची, पुढच्या तीन दोन-दोन उतरवायच्या, पाचवी अर्ध्याने चढवायची. नुकतीच ढिली केलेली तार लगेच जागेवर थांबत नाही, पुन्हा पुन्हा पिळावी लागते. आज गिटारच्या टोकाला चिमट्यासारखा ट्यूनर लावतात, मोठे कलाकार प्रत्येक लावण्यासाठी वेगळी गिटार तयार ठेवतात. निककडे कान होता आणि शांत बसण्याची सवय. दोन गाण्यांच्या मध्ये तो मिनिटचे मिनिट खाली मान घालून खुंट्या पिळत बसायचा, एक शब्द न बोलता. सप्टेंबर १९६९ मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये लोकांनी हे शांतपणे ऐकून घेतलं. बिअरचे पेले घेतलेल्या गर्दीत ते कोण ऐकणार? जून १९७० मध्ये यूएलच्या टेक्निकल कॉलेजात तो गाणं अर्ध्यावर टाकून मंचावरून निघून गेला, अशी आठवण त्या रात्रीचा दुसरा गायक राल्फ मॅकटेलने सांगितली आहे. त्यानंतर त्याने मंच सोडलाच म्हणायचा.

मुलाखतींचं तेच. १९७१ मध्ये 'साउंड्स' साप्ताहिकात छापून आलेली एक मुलाखत सोडली तर जवळजवळ काहीच नाही. मोठेपणीच्या निकचं गातानाचं हलतं चित्र तर कुठेच उपलब्ध नाही.

बॉयडही याच सुमारास अमेरिकेला गेला. विचसीझन आयलंडला विकताना त्याने एक अट घातली: निक ड्रेकचे अल्बम कधीही यादीतून काढायचे नाहीत. रेकॉर्ड कंपन्या न खपणारा अल्बम काही वर्षांत यादीतून काढतात, मग नवीन प्रती निघत नाहीत आणि तो जुन्या बाजारातल्या ढिगात हरवतो. निकचे तिन्ही अल्बम हरवले नाहीत ते या अटीमुळे. त्याच्या आयुष्यातली सर्वांत मोलाची ओळ मला या करारातली वाटते, आणि ती लिहिणाऱ्या माणसाविषयी माझ्या मनात कृतज्ञता आहे.

आजार

१९७१ पासून निकची तब्येत ढासळत होती. त्याला नैराश्याचा आजार होता. तो आईवडिलांकडे परतला. १९७२ मध्ये काही आठवडे रुग्णालयात राहिला. बोलणं, जेवणं, नखं कापणंही सुटत गेलं. आयलंडकडून आठवड्याला २० पौंड मिळत.

'दुःखातून कला येते' हे वाक्य इथे हमखास येतं. निकच्याच आयुष्याने ते खोडलं आहे. आजार वाढला तसं लिहिणं थांबलं. १९७४ मध्ये तो पुन्हा वूडच्या स्टुडिओत आला तेव्हा ज्या माणसाने एका दमात गाऊन-वाजवून 'पिंक मून' दिला, त्याला गिटार आणि आवाज एकत्र जमेना. आधी गिटार मुद्रित केली, मग वेगळा आवाज. सगळे म्हणतात माझं काम चांगलं आहे, तर मग माझ्याकडे पैसे का नाहीत, असं त्याने त्या सुमारास बॉयडला संतापून विचारलं होतं. प्रश्न रास्त होता. त्या वर्षी नोव्हेंबरात औषधाच्या जास्त मात्रेने तो गेला. चौकशी अधिकाऱ्याने आत्महत्या अशी नोंद केली. ते अजाणता झालं असावं असंही त्याच्या जवळच्या काहींना वाटत राहिलं. गावच्या सेंट मेरी मॅग्डलीन चर्चच्या आवारात ओक वृक्षाखाली त्याच्या अस्थी आहेत.

नंतर

१९७९ मध्ये तिन्ही अल्बमांचा 'फ्रूट ट्री' हा संच निघाला, तोही फार खपला नाही. पण अल्बम दुकानात होते, म्हणून एकाने दुसऱ्याला ऐकवणं चालू राहिलं. १९८५ मध्ये ड्रीम अॅकॅडमी या बँडने आपलं गाजलेलं गाणं निकला अर्पण केलं, तेव्हा तरुण वादकांनी विचारलं, हा कोण? काही जण थेट टॅनवर्थला पोचले. रॉडनी आणि मॉलींनी त्यांना घरात घेतलं, चहा दिला, मुलाची खोली दाखवली, घरगुती टेपा ऐकवल्या, काहींना प्रतीही करून दिल्या. मुलाला हयातीत न भेटलेले श्रोते हे आईवडील दारात भेटत होते.

मोठी उडी आली १९९९ च्या अखेरीस. फोक्सवॅगनने अमेरिकेत एका उघड्या टपाच्या गाडीच्या जाहिरातीत 'पिंक मून' वापरलं. चार तरुण चांदण्या रात्री गाडीतून जातात, पार्टीच्या दारापाशी पोचतात, आतला गोंगाट ऐकतात आणि न उतरता परत रस्त्याला लागतात. शब्द एकही नाही, फक्त ते गाणं. पुढच्या एका वर्षात अमेरिकेत 'पिंक मून'ची विक्री काही हजारांवरून सत्तर हजारांच्या पुढे गेली. जाहिरातीने गाण्याचा बाजार मांडला म्हणून काही चाहते चिडले. मी त्यांच्याशी सहमत नाही. पबमधल्या गर्दीत जे गाणं कुणाला ऐकू गेलं नव्हतं, ते इथे मिनिटभर शांततेत ऐकू आलं. ज्यांना आवडलं ते दुकानात गेले, आणि दुकानात अल्बम होता.

नव्याने ऐकणार असाल तर 'रिव्हर मॅन', 'नॉर्दर्न स्काय' आणि मग 'पिंक मून' पूर्ण, रात्री, एका बैठकीत.

त्यानंतर मॉलींना ऐका. रॉडनींनी १९५० च्या दशकात बैठकीच्या खोलीत टेप केलेली त्यांची गाणी २०१३ मध्ये अल्बम म्हणून बाहेर आली. मॉली १९९३ मध्येच गेल्या होत्या. त्यात नुसता पियानो आहे आणि हलका, ठेक्यामागे किंचित रेंगाळणारा आवाज, आणि कॉर्ड पूर्ण सुटता सुटता थांबतो. तेव्हा शेजारच्या खोलीत पाच-सात वर्षांचा निक असणार.